बिनपदवीचा लिसेन्सियादो

एवारिस्तो ओल्मेदो पान्तोहा यांना दारावर पितळी पाटी लावायची होती. बाकी काही नाही. माणसाचं वाटोळं व्हायला याहून मोठं कारण लागतं असं ज्याला वाटतं, त्याने प्वेब्ला शहरात सरकारी नोकरी केलेली नाही.

पाटीचं खूळ डोक्यात शिरलं ते समोरच्या दंतवैद्यामुळे. हा माणूस गल्लीत येऊन तीन महिने झाले नाहीत तोच त्याने ‘डॉ.’पासून सुरू होणारी लखलखीत पाटी ठोकली, आणि त्याची बायको ती रोज सकाळी लिंबू लावून घासू लागली. एवारिस्तो त्या गल्लीतले जुने रहिवासी. त्यांच्या दारावर एकच पाटी होती, ‘कुत्र्यापासून सावध’, आणि कुत्रा मरून चार वर्षं झाली होती. तेव्हा आपल्याही नावामागे जे लागतं ते लोकांना दिसायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटलं. त्यांच्या नावामागे ‘लिसेन्सियादो’ लागायचं.

हा शब्द मेक्सिकोत कुणाला लागतो ते एकदा सांगून टाकतो. कायद्याने बघाल तर ज्याने विद्यापीठाची पदवी घेतली आणि सरकारदरबारी नोंदवली, तो लिसेन्सियादो. वकील म्हणतात, शब्द मुळात आमचाच आहे, बाकीचे उसना वापरतात. पण रस्त्यावर कायदा कोण बघतो? टाय लावला की माणूस लिसेन्सियादो होतो. टायच्या जोडीला हेल्मेट घातलं की इंजिनिअर. हातात पाना दिसला की माएस्त्रो, म्हणजे गुरुजी. नळ दुरुस्त करणारा आणि कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा हे दोघे या एकाच हाकेला ओ देतात. बोलावल्यावर वेळेवर कोण येतो ते मात्र विचारू नका. गाडी लावताना फडकं हलवून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करणारा इसम तर प्रत्येकालाच ‘या माझे लिक’ म्हणतो (‘लिक’ म्हणजे लिसेन्सियादोच, आखूड केलेला), कारण ‘लिक’ ऐकलं की माणसाचा हात खिशात खोलवर जातो. मग टाय नाही, पाना नाही, असा जो कुणी उरतो त्याला ‘तरुण’ म्हणायचं. सत्तर-सत्तर वर्षांचे तरुण या देशात खिडक्यांपुढे रांगा लावून उभे असतात.

एवारिस्तो एका सरकारी कचेरीत पत्रव्यवहार शाखेचे उपप्रमुख होते. सव्वीस वर्षं. शिपायापासून संचालकापर्यंत सगळे त्यांना लिसेन्सियादो म्हणायचे. स्वतःच्या तोंडाने ते तसं कधी म्हणाले नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. लोक म्हणायचे, त्यांनी फक्त नाही म्हटलं नव्हतं. खरी गोष्ट अशी होती की विद्यापीठाच्या सगळ्या परीक्षा ते पास झाले होते, फक्त शेवटचा प्रबंध राहिला होता. अशा माणसाला तिकडे पासान्ते म्हणतात. वाटेला लागलेला, अजून न पोचलेला. एवारिस्तोंना वाटेतच नोकरी लागली आणि पुढे जायचं राहून गेलं.

“पाटी कशाला हवी?” त्यांची बायको ओतिलिया म्हणाली. “आधी बेल दुरुस्त कर. लोक दार बडवून बडवून जातात.”

“समोरच्याने लावली आहे.”

“त्याला शोधत दात दुखणारी माणसं येतात. तुला कोण शोधतंय?”

असं म्हणाली खरी, पण दुसऱ्याच दिवशी खाटकाच्या दुकानात तिने पाटीची बातमी स्वतःहून सांगितली. तो खाटीक तिला ‘लिसेन्सियादा’ म्हणायचा आणि चांगला तुकडा बाजूला काढून ठेवायचा. नवऱ्याच्या पदवीवर बायकोलाही बढती मिळते, ही त्या देशाची रीतच आहे.

पाटीचा मजकूर ठरवण्यापूर्वी एवारिस्तोंनी शेजारच्या फुल्हेन्सिओंचा सल्ला घेतला. ही पहिली चूक. फुल्हेन्सिओंनी आपलं औषधांचं दुकान विकलं होतं आणि तेव्हापासून त्यांना दुपार रिकामी होती.

“पाटीवर नोंदणी क्रमांक टाका, लिसेन्सियादो,” ते म्हणाले. “नुसत्या ‘लिक.’ला आजकाल कोण विचारतो? सरकारने सगळ्या पदवीधरांची नावं इंटरनेटवर टाकली आहेत. मी जेवण झालं की तेच बघत बसतो. दंतवैद्य खरा निघाला. तुमचे मेव्हणे स्वतःला आर्किटेक्ट म्हणवतात ना? नाहीत.”

“आणि माझं?” एवारिस्तोंनी हसत विचारलं. हसू ओठांवर आणायला त्यांना बरेच कष्ट पडले.

“तुमचं काय बघायचं? तरी बघतो की. उद्या माझी रक्ततपासणी आहे, परवा बघतो.”

दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत एवारिस्तोंनी दार लावून घेतलं आणि स्वतःचं नाव शोधलं. यंत्राने थोडा विचार केला आणि एक नाव दिलं. एवारिस्ता ओल्मेदो पान्तोहा, सुईण, नोंदणी १९७१. त्यांनी ते तीनदा वाचलं, जणू तिसऱ्या वेळी ती बाई कृपा करून बाजूला होणार होती.

परवाची संध्याकाळ झाली. झाडांना पाणी घालता घालता फुल्हेन्सिओंनी वर बघितलं आणि गोड आवाजात म्हणाले, “शुभ संध्याकाळ, दोन एवारिस्तो.”

हा ‘दोन’ म्हणजे आकडा नव्हे, आपल्या ‘राव’सारखा मानाचा शब्द, आणि तसा वाईट नाही. कुठल्याही बऱ्या घरच्या वयस्क माणसाला लावतात. पण काल लिसेन्सियादो असलेल्या माणसाला आज दोन म्हणणं म्हणजे भर रस्त्यात त्याच्या खांद्यावरची फीत कापून घेणं. एवारिस्तो घरात आले आणि कोट न काढता पलंगावर बसले. मग म्हणाले, “महिन्याभरात पदवी आणतो.”

“चोपन्नाव्या वर्षी?”

“प्रबंधच राहिलाय फक्त.”

“मला वाटलं होतं तू ते कधीच उरकलंस,” ओतिलिया म्हणाली. तिच्या आवाजातला राग त्यांना चालला असता. पण राग नव्हता, आणि ती मग बराच वेळ धुतलेल्या बश्या परत धूत बसली.

विद्यापीठात पदव्यांची खिडकी चार नंबरची. आत सेन्योरिता एदुविहेस नावाच्या बाई होत्या. त्यांच्यापुढे अर्धा खाल्लेला पाव होता आणि त्यांचं सगळं लक्ष त्या पावावर होतं.

“बोला, तरुण.”

“मी लिसेन्सियादो एवारिस्तो—”

“या खिडकीवर येतो तो लिसेन्सियादो नसतो, तरुण. असता तर आला नसता.”

मागच्या रांगेतली पोरं हसली. एवारिस्तोंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांच्या कचेरीत अशा खिडकीच्या आतल्या बाजूला ते सव्वीस वर्षं बसले होते. बाहेरून ती इतकी खाली असते, की बोलायला कमरेत वाकावं लागतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

बाईंनी कागदांची यादी दिली. जन्माचा दाखला, मूळ आणि दोन प्रती, तीन महिन्यांच्या आतला.

“अहो, माझा जन्मच चोपन्न वर्षांपूर्वीचा आहे.”

“जन्म जुना चालेल. दाखला ताजा लागतो.”

ग्रंथालयाचं पुस्तक आपल्याकडे राहिलेलं नाही असा दाखला. तो आणायला ते ग्रंथालयात गेले, तर तिथे चालू वर्षाचं विद्यार्थी ओळखपत्र मागितलं. ओळखपत्राच्या टेबलावर सांगितलं, की सत्तावीस वर्षांपूर्वी शिक्षण संपलेल्याला ओळखपत्र मिळत नाही. मग पुस्तक नाही हे सिद्ध कसं करायचं? “पुस्तक असतं तर सोपं होतं,” ग्रंथपाल कळवळून म्हणाला. “परत करून पावती घेतली असतीत.” शेवटी एवारिस्तोंनी स्वतःच्या घरातलं एक पुस्तक ग्रंथालयाला भेट दिलं आणि त्याची पावती घेतली. ती कुणी वाचली नाही. शिक्का गोल होता, तेवढ्यावर भागलं.

मग फोटो. पदवीचा फोटो हा मेक्सिकोत एक स्वतंत्र संस्कार आहे. लंबगोल, काळा-पांढरा, चकाकी नसलेला. चष्मा नको, कपाळ मोकळं, दोन्ही कान दिसले पाहिजेत, वरचा ओठ दिसला पाहिजे. एवारिस्तोंच्या वरच्या ओठावर लग्नाच्या आधीपासून झुपकेदार मिशी होती. ती ठेवून चालेल का, असं त्यांनी फोटोग्राफरला विचारलं.

“माएस्त्रो, थोडी कातरून?”

“माझ्या लिक, तुम्हाला मिशी हवी की पदवी?”

मिशी गेली. “हसू नका,” फोटोग्राफर म्हणाला. “पण दुःखीही दिसू नका, दुःखी चेहरे ते परत पाठवतात.” घरी ओतिलिया त्यांच्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, “तू तुझ्या वडिलांसारखा दिसतोस.” सासऱ्यांशी तिचं कधी पटलं नव्हतं. कचेरीत टायपिस्ट बाईने ‘आजारी होतात का हो?’ म्हणून विचारलं. आणि सहा फोटो खिडकीवर गेले ते तसेच परत आले, कारण कागदाला चकाकी होती. दुसऱ्या खेपेपर्यंत ओठावर खुंट आले होते. पुन्हा सगळं सफाचट करून पुन्हा बसावं लागलं.

हे सगळं एवारिस्तोंनी सहन केलं. पण यादीत शेवटची ओळ होती समाजसेवेची. तिकडे प्रत्येक विद्यार्थ्याला पदवीपूर्वी चारशे ऐंशी तास एखाद्या सरकारी कामात फुकट राबावं लागतं आणि तसं पत्र आणावं लागतं. एवारिस्तोंनी ऐन विशीत शहरातली झाडं मोजली होती. झाडं मोजणारं ते कार्यालय पुढे बंद पडलं. त्याची दप्तरं कुठे गेली, याचा शोध त्यांनी आठ दिवस पाच कचेऱ्यांत केला. आणि नवव्या दिवशी कळलं, की दप्तरं त्यांच्याच कचेरीच्या तळघरात आहेत. ती बारा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः सही करून ताब्यात घेतली होती.

विद्यापीठाचं पत्र रीतसर टपालाने आलं. ‘प्रति, लिसेन्सियादो एवारिस्तो ओल्मेदो पान्तोहा, उपप्रमुख. विद्यार्थी एवारिस्तो ओल्मेदो पान्तोहा याने समाजसेवा केल्याचं प्रमाणित करावं, ही विनंती.’ एवारिस्तोंनी त्यावर आवकचा शिक्का मारला. तळघरातून धूळ खाल्लेली फाईल काढली. त्यांनी मोजलेली तीन हजार एकशे नऊ झाडं तिथे शाबूत होती. आता एक पत्र लिहायचं, सही करायची, आणि संध्याकाळी स्वतःच खिडकीवर नेऊन द्यायचं. कुणाला कळायचं काही कारणच नव्हतं. टायपिस्टलासुद्धा त्यांनी सांगितलं नाही. दार लावून स्वतः टाईप केलं.

पण सव्वीस वर्षांत एवारिस्तोंनी प्रतीशिवाय पत्र पाठवलं नव्हतं. पत्राच्या खाली प्रतींची यादी नसली तर त्यांना पत्र उघडंबोडकं वाटायचं. एकदा ओतिलियाला बाजाराची यादी लिहून देताना त्यांनी खाली ‘प्रत : संग्रही’ असं लिहिलं होतं. डोक्यात खिडकीवरच्या बाई, तळघरातली धूळ आणि नसलेली मिशी, आणि बोटं आपल्या सवयीने चालली. ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर : मा. संचालक. अंतर्गत दक्षता शाखा. आस्थापना. विधी शाखा. संग्रह.’ मूळ पत्र त्यांनी कोटाच्या खिशात घातलं आणि प्रती जावकच्या ट्रेमध्ये ठेवल्या.

ती कचेरी एरवी छत गळत असल्याचं पत्र वरच्या मजल्यावर न्यायला तीन आठवडे घ्यायची. या प्रती पंचवीस मिनिटांत पोचल्या. शिपायांना शिस्त एवारिस्तोंनीच लावली होती.

कॉफीचा पहिला घोट घेताना त्यांना आठवलं. ते जिने चढत धावले. दक्षता शाखेच्या बाई प्रत वाचत होत्या, आणि एकदा पत्रातल्या विद्यार्थ्याच्या नावाकडे, एकदा सहीकडे बघत होत्या. त्यांचं वाचून संपेपर्यंत एवारिस्तो दारात धापा टाकत उभे राहिले, आणि मग जिना उतरले.

संचालक माणूस वाईट नव्हता. “बसा, लिसेन्सियादो,” तो म्हणाला, मग अडखळला. “म्हणजे, दोन एवारिस्तो, बसा.”

“साहेब, सव्वीस वर्षांत माझं एक पत्र चुकलं नाही.”

“मला माहीत आहे. तुमची पदवी राहिली आहे हेही सगळ्यांना माहीत होतं. अहो, मला येऊन तोंडी सांगितलं असतंत तर मीच म्हणालो असतो, गप्प बसा. पण माहीत असणं वेगळं आणि हातात प्रत येणं वेगळं. प्रतीचं मी काय करू? तिला जावक क्रमांक आहे.”

ते पद नियमाने पदवीधराचं होतं. चौकशी लागली असती तर टायपिस्टने ‘लिक.’ लावलेल्या नावावरची प्रत्येक सही उकरली गेली असती. त्यापेक्षा मुदतीआधी निवृत्ती, आणि आदेशात हुद्द्यापुढे ‘पासान्ते’. एवारिस्तोंनी सही केली. नावाआधीचं ‘लिक.’ टाईप झालं नव्हतं, त्यामुळे ओळ डावीकडे रिकामी दिसत होती. त्यांना त्या क्षणी स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटल्याचा संतापही आला. चोरी केली नव्हती, लाच खाल्ली नव्हती. लोकांनी प्रेमाने दिलेली हाक तेवढी घेतली होती.

निरोपाला केक आला. टायपिस्ट रडली. शुभेच्छापत्रावर लिहिलं होतं, ‘आमच्या लाडक्या दोन एवास.’ त्यांच्या खुर्चीवर तात्पुरता प्रभारी म्हणून उरिएल बसला. एवारिस्तोंनी त्याला शाखेत घेतलं तेव्हा त्याला लिफाफ्यावर पत्ता कुठे लिहायचा हेही ठाऊक नव्हतं. केक कापून व्हायच्या आतच शिपाई त्याला लिसेन्सियादो म्हणू लागला होता.

“आता तरी थांब,” ओतिलिया म्हणाली.

“आता कसा थांबू? आता तर त्याशिवाय माझ्याकडे काही नाही.”

“मी आहे,” ती म्हणाली. “पण मला पितळी पाटी नाही ना.” आणि स्वयंपाकघरात गेली. ती अलीकडे दोन गल्ल्या पलीकडच्या खाटकाकडे जायची. तो तिला ‘बाई’ म्हणायचा आणि वजनात चरबी घालायचा. हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही, ताटात दिसायचं.

नोकरीचा अनुभव मांडून पदवी मिळवायची एक सोय होती. एवारिस्तोंनी सात महिने खपून पत्रव्यवहारावर प्रबंध लिहिला. तीन परीक्षक बसले; त्यांतला सर्वांत धाकटा एवारिस्तोंच्या अंगातल्या कोटापेक्षा वयाने लहान होता. त्याने विचारलं, “तुमच्या मते सरकारी पत्रातला सर्वांत धोक्याचा भाग कोणता?” एवारिस्तो त्यावर चाळीस मिनिटं बोलले. आवाज दोनदा भरून आला. परीक्षकांना वाटलं, केवढी ही विषयाची तळमळ! त्यांनी त्यांना एकमताने आणि सन्मानाने उत्तीर्ण केलं.

ओतिलियाने टर्कीचं मोले रांधलं, दोन दिवस मिरच्या भाजून आणि मसाला वाटून. गल्ली जेवायला आली. दंतवैद्याने दोनदा वाढून घेतलं.

“अभिनंदन, दोन एवारिस्तो,” फुल्हेन्सिओ टर्कीचा तुकडा चघळत म्हणाले. “काल बघितलं, तुमचं नाव आलंय. अगदी सुईणीच्या वर.”

“मग आता लिसेन्सियादो म्हणायला हरकत नाही.”

“अहो, जिभेला वळण पडलं आता. बरं, तुमच्या जागी तो उरिएल बसलाय ना? त्याचंही बघितलं मी. नाही. कुठेच नाही. पासान्ते!”

एवारिस्तोंनी ताट खाली ठेवलं. “दक्षता शाखा काही म्हणत नाही?”

“का म्हणेल? त्याने कुणाला प्रत पाठवलीय?”

सोमवारी एवारिस्तोंनी पदवी नळकांड्यात घातली, टाय लावला आणि कचेरी गाठली. त्यांना एकच हवं होतं. निवृत्तीच्या आदेशात ‘पासान्ते’ खोडून तिथे खरा शब्द यावा. उरिएलने नाही म्हटलंच, तर काय बोलायचं ते वाक्यही त्यांनी बसमध्ये घोकून ठेवलं होतं: ‘मी नोंदणी बघितली आहे, उरिएल. तुझं नाव तिथे नाही.’ त्यात एकही शब्द जास्त नव्हता.

फाटकावर नव्या रखवालदाराने त्यांना पाहुण्यांच्या वहीत सही करायला लावली आणि कोटाला बिल्ला अडकवला. पाऊण तास बाकावर बसवलं. मग आत बोलावलं.

“या या, दोन एवा!” उरिएल म्हणाला. उठला नाही, पण हसला मनापासून. त्याने पदवी उलगडून बघितली. “काय सुंदर आहे हो! मिशीशिवाय ओळखलंच नाही तुम्हाला. पण आदेशाचं असं आहे, तो त्या तारखेचा कागद. त्या तारखेला तुम्ही पासान्ते होता. मागे जाऊन कसा बदलणार? तुम्हीच तर शिकवलंय मला हे.” तेवढ्यात शिपाई आत आला, “लिसेन्सियादो, ही पत्रं सहीला,” म्हणाला आणि गेला. उरिएलने पेन उचललं. प्रत्येक पत्राच्या तळाशी प्रतींची यादी होती आणि तिच्या वर, स्वच्छ टाईप केलेलं, ‘लिक. उरिएल’.

एवारिस्तो उठून उभे राहिले. वाक्य तयार होतं. त्या खोलीत पदवी असलेला माणूस एकच होता आणि तो टेबलाच्या बाहेरच्या बाजूला उभा होता. त्यांनी घसा साफ केला.

“काही हरकत नाही, लिसेन्सियादो,” ते म्हणाले. “आपण म्हणाल तसं.”

शब्द त्यांच्याच तोंडातून आले होते, आणि त्यांची मानही तेवढीच वाकली होती जेवढी त्या टेबलापुढे वाकायची रीत होती. उरिएलला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तो पुढच्या पत्रावर सही करत होता. एवारिस्तोंनी पदवीची गुंडाळी केली, ती नळकांड्यात सारली, आणि साहेबांना त्रास होऊ नये म्हणून खुर्ची आवाज न करता जागच्या जागी ठेवून बाहेर पडले.